वाघाखालची बाई

माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली, पण आईला मी कधी नुसतं फिरायला म्हणून कुठे नेलं नव्हतं. भद्रावतीला आमच्या क्वार्टरवर ती यायची ती कामालाच. माझं बाळंतपण झालं तेव्हा आली, मुलीला टायफॉइड झाला तेव्हा आली, उन्हाळ्यात पापड करायला आली. काम संपलं की दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं गोंडपिपरीकडे परत. गावाला तिचं थोडं धान आहे, आणि तलावाची मासोळी बाजारात नेऊन विकायचं काम तिनं साठी उलटली तरी सोडलेलं नाही. "मी इथी बसून का करू?" हे तिचं ठरलेलं वाक्य.

त्या जानेवारीत मात्र ती धान चुरून, म्हणजे मळणी आटोपून, आठ दिवस राहायचं कबूल करून आली. माझी मुलगी चौथीत होती. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली चंद्रपूरजवळच्या नव्या प्राण्यांच्या पार्कला जाऊन आल्या होत्या आणि हत्तीच्या सोंडेतून घसरत पाण्यात पडल्याचं रोज सांगत होत्या. माझा नवरा फॅक्टरीत आहे, त्याला रविवारची सुट्टी होती. म्हटलं, आजीलाही नेऊ. आजी आधी नाही म्हणाली, मग नातीनं गळ्यात हात टाकल्यावर म्हणाली, "येतो बाप्पा, मी का वाघाले भेतो?"

या वाक्याला आम्ही सगळे हसलो. मीही हसले. ते मला अजून खुपतं.

आम्ही एस.टी.नं चंद्रपूरला आणि तिथून ऑटोनं पार्कला पोचलो. पार्कचं फाटक म्हणजे वाघाचं उघडं तोंड. वरून दात, खालून दात, मधून लाल जिभेचा रस्ता, त्यावरून चालत आत जायचं. आईनं पदर सावरून घेतला आणि त्या दातांकडे वर पाहत म्हणाली, "याचे दात किडले हायेत." खरंच, दोन दातांचा रंग पोपडे धरून निघाला होता. आमची मुलगी पोट धरून हसली.

हसणं तिथेच थांबलं, कारण फाटकावरच्या माणसानं आमची पिशवी उघडली. आईनं पहाटे उठून लाखोरीच्या डाळीचे वडे केले होते, भाकरी होती, मिरचीचा ठेचा होता. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणाला. पिशवी इथे ठेवा, जाताना घ्या. आत उपाहारगृह आहे, तिथे 'जंगल थाळी' मिळते.

"जंगल थाळीत का रायते?" आईनं विचारलं.

"पनीर," तो म्हणाला.

मी वाद घालायला तोंड उघडणार, तेवढ्यात आई मागे वळली, वाघाच्या तोंडातून बाहेर आली, रस्त्याच्या कडेला फरशीच्या ओट्यावर बसली आणि डबा उघडला. "मी त्याले नाई देत. बसा, खाऊन घेऊ." सकाळचे साडेदहा वाजले होते. कुणालाही भूक नव्हती. तरी आम्ही चौघांनी तिथे, गाड्यांच्या धुळीत, दुपारचं जेवण करून घेतलं. माझ्या नवऱ्याला अवघडल्यासारखं झालं होतं, त्याच्या फॅक्टरीतलं एक कुटुंब आमच्यासमोरून आत गेलं. पण वडे चांगले झाले होते. त्यानं चार खाल्ले.

आतला पहिला दीड तास छान गेला, हे मला सांगायलाच हवं. पार्क म्हणजे सगळं सिमेंट आणि फायबर. जिराफ होता, गेंडा होता, पांढरं अस्वल होतं. जिथे खरी सागाची झाडं असायला हवी तिथे सिमेंटचे बुंधे उभे करून त्यांना तपकिरी रंग दिला होता आणि आतून स्पीकरमधून पाखरं ओरडत होती. आईला जिराफ फार आवडला. ती त्याच्या पायाशी उभी राहून मान वाकडी करून वर बघत राहिली. "याले पानी प्याले किती तरास होत असन." हत्तीच्या आगगाडीत ती नातीबरोबर दोनदा बसली. दुसऱ्यांदा बसताना तिनं मला हाक मारून सांगितलं की फोटो काढ. आई स्वतःहून फोटो काढ म्हणाली हे मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या फोटोत तिचे डोळे मिटलेत, पण तोंडभर हसते आहे.

मग मुलीला सोंडेवरून घसरायचं होतं. तिथे रांग मोठी होती. नवरा तिकडे रांगेत उभा राहिला. आईला चहा हवा होता, ती म्हणाली, मी इथी बसतो, तुमी फिरून या. तिला टपरीजवळच्या बाकावर बसवून मी मुलीला घेऊन पुढे 'वाघाची गुहा' अशी पाटी होती तिकडे गेले.

गुहेत अंधार होता आणि शेवटी एक उजेडाची जागा. साखळी लावून अडवलेली. पलीकडे मोठा वाघ, पुढचे दोन्ही पंजे खाली दाबलेले. पंजांखाली एक बाई.

बाई फायबरची. हिरवं लुगडं, पाठीवर पडलेली, एक टोपली कलंडलेली आणि टोपलीतून सांडलेले पिवळे प्लास्टिकचे मणी. ती मोहफुलं होती. बाईचं तोंड आमच्याकडे वळवलेलं, उघडं. खांद्यावर ब्लाउज फाटलेला आणि लुगडं मांडीपर्यंत वर गेलेलं. गळ्याशी लाल रंग, भरपूर. साखळीपाशी एका खांबावर मोठं लाल बटण होतं. माझ्या मुलीनं ते दाबलं. वाघाची मान हलली, डरकाळी झाली, मग एका बाईची किंकाळी आणि मागोमाग ढोल-झांजांचं संगीत.

मुलगी दचकली, आणि मग खिदळली. तिनं पुन्हा दाबलं. आमच्या मागे आलेली मुलं टाळ्या वाजवू लागली. एक माणूस साखळीला टेकून सेल्फी घेत होता, त्याची बायको त्याला म्हणत होती, जरा बाजूला व्हा, तिचं तोंड दिसत नाही.

आणि मी काय केलं? मी मोबाईल काढून मुलीचा व्हिडिओ घेतला. तिसऱ्यांदा तिनं बटण दाबलं ते माझ्या व्हिडिओत आहे. त्या क्षणी माझ्या मनात काहीच आलं नाही. म्हणजे, काहीतरी आलं असणार, पण गर्दी होती, मुलगी खुश होती, आणि मी स्वतःला विचारायच्या आत बटण दाबलं गेलं होतं. तो व्हिडिओ मी अजून पुसलेला नाही. पुसला तर मी असं केलंच नाही असं मला वाटायला लागेल.

मागे वळले तर आई गुहेच्या तोंडाशी उभी होती. चहा संपवून आम्हाला शोधत आली होती.

इथे मला एक सांगावं लागेल. आमच्या गावात आईची एक मैत्रीण होती. दोघींची लग्नं एकाच उन्हाळ्यात होऊन दोघी त्या गावात आल्या, दोघींची घरं पाठीला पाठ. मासोळी विकायला दोघी एकत्र जायच्या. मला ती भाचीसारखं वागवायची, मी तिला मावशी म्हणायचे. माझी मुलगी चार वर्षांची होती तेव्हा, मोहफुलं वेचायच्या दिवसांत, त्या मावशीला वाघानं नेलं. मी भद्रावतीला होते. मला फोन आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी तिसऱ्या दिवशी गावाला गेले तर आई अंगणात बसून जाळं दुरुस्त करत होती. मी रडायला लागले, तर मला म्हणाली, चहा ठेव. त्या दिवसाबद्दल ती माझ्याशी कधी एक शब्द बोलली नाही. आई त्या वेळी मावशीबरोबर होती एवढंच मला इतरांकडून कळलं होतं.

आई गर्दीतून पुढे आली. कोणाला धक्का दिला नाही. साखळीपाशी थांबली, बाईकडे पाहिलं, मग वाकून साखळीखालून पलीकडे गेली.

"ओ बाई," कोणीतरी शिटी वाजवली. तिथे एक सुरक्षारक्षक बाई होती, खाकी गणवेश, चाळिशीची. "बाई, आत जाऊ नका. हात लावाले मनाई हाय."

आई त्या फायबरच्या बाईजवळ उकिडवी बसली. तिनं लुगड्याचा काठ धरला आणि खाली ओढला, पाय झाकायला. तो हलला नाही. लुगडं कापडाचं नव्हतंच, फायबरमध्येच घडवून वर हिरवा रंग मारलेला. तिला ते कळलं नसावं, किंवा कळूनही तिचा हात थांबला नसावा. तिनं दोन्ही हातांनी धरून पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा ओढलं. लोक हसायला लागले. कोणीतरी म्हणालं, आजी, तुटेल.

मग तिनं अंगावरची शाल काढली आणि बाईच्या पायांवर घातली. नीट, दोन्ही बाजूंनी खाली खोचून, झोपलेल्या लेकराला घालतात तशी.

तेवढ्यात एका पोरानं बटण दाबलं. वाघाची मान आईच्या डोक्यावर हलली. डरकाळी, किंकाळी, ढोल. आईनं मान वर केली नाही.

मी साखळी ओलांडून गेले. मला वाटलं होतं ती रडत असेल. ती रडत नव्हती. तिचा चेहरा बाजारात वजनात कोणी फसवलं की होतो तसा झाला होता.

"आई, चल," मी म्हटलं.

"हे कोनं बनवलं?"

"मला माहीत नाही."

"ज्यानं बनवलं त्यानं पायलं नाई," आई म्हणाली. "वाघ समोरून येत नाई."

रक्षक बाई आमच्याजवळ आली होती. तिनं आधी लोकांना बाजूला केलं, बटणाच्या खांबासमोर पाठ करून उभी राहिली, म्हणजे कोणाचा हात पोचू नये. मग हळूच आईला विचारलं, "बाई, तुमचं गाव कोनतं?"

आईनं गाव सांगितलं. रक्षक बाईनं मान हलवली. तिला ते गाव माहीत होतं, तिचं माहेर त्याच बाजूचं. आणि आई जे माझ्याशी पाच वर्षांत बोलली नव्हती ते तिच्याशी बोलली, तिथेच, उकिडवी बसून.

"आमी पाच जनी होतो. मी समोर होतो, थे माह्या मांग. मोवाचं झाड तिचं होतं, सासूनं दावून देल्लं तवापासून तिचं. बसून येचत होती. मी बोलून राह्यलो तिच्याशी, का पोराचं लग्न कदी काढतं म्हून. जवाब नाई आला. मांग पायतो तं टोपली हाय अन् थे नाई. आवाज नाई केला तिनं. एक आवाज नाई." आईनं खांबावरच्या बटणाकडे हात केला. "हा कोनाचा आवाज हाय? थे तं किंचाळली नोती."

रक्षक बाई म्हणाली, "मले रोज आयकाव लागते हे, बाई. सकाळपासून संध्याकाळलोक. रविवारी तं मोजतबी नाई. घरी जातो तं कानात तेच रायते. साह्यबाले म्हटलं, माही ड्युटी कारंज्यावर लावा. लावत नाई."

"गावातले लोक आले तवा दुपार झाली," आई पुढे म्हणाली. "मी तिले झाकलं. माह्या लुगड्यानं. मी परकरावर घरी आलो."

मला हे माहीत नव्हतं. माझ्या आईनं, जी जावयासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, परकरावर अख्खं गाव ओलांडलं होतं.

माझी मुलगी साखळीपलीकडे उभी होती आणि खांबाशेजारची पाटी वाचत होती. ती मोठ्यानं वाचते, शाळेची सवय. त्या पाटीवर वाघाचं नाव होतं, एखाद्या राजाला शोभेल असं. ते मी इथे लिहिणार नाही. त्याची लांबी होती, वजन होतं, दातांची लांबी, उडीचं अंतर, आवडती जागा. शेवटच्या ओळीत एक बाण काढून बाईकडे वळवला होता, आणि बाणापुढे एकच शब्द होता.

"भक्ष्य," मुलीनं वाचलं. "आई, भक्ष्य म्हणजे?"

आजीनं विचारलं, "का लिवलं हाय?"

"भक्ष्य," मुलगी म्हणाली.

"म्हंजे का?"

रक्षक बाईनंच सांगितलं. "खायाची वस्तू, बाई."

तोवर नवरा आम्हाला शोधत आला होता. त्यानं आईला साखळीपलीकडे बसलेलं पाहिलं, शाल पाहिली, आणि बहुधा काय झालं ते त्याला चेहऱ्यांवरूनच कळलं. त्याचा स्वभाव मऊ आहे. मी तावातावानं म्हणाले की मला इथल्या साहेबाला भेटायचंय, तर तो नेहमीसारखा म्हणाला, "जाऊ दे ना, आईंना घेऊन बाहेर जाऊ. लोक बघताहेत." मी त्याला म्हटलं, लोक बघताहेत म्हणूनच जायचंय.

आईला उठवून आम्ही चौघं ऑफिसात गेलो; ते हत्तीच्या पोटात होतं. खरंच; सिमेंटचा हत्ती, पोटाला दार. आत एसी. साहेब तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, बोलायला फार नम्र. तो आमच्या भागातला नव्हता. त्यानं मला मॅडम म्हटलं, पाणी मागवलं.

मी सांगितलं ते त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण तो देखावा जनजागृतीसाठी आहे. लोकांना कळलं पाहिजे, जंगलात जाऊ नये."

जंगलात जाऊ नये. जिचं झाड ठरलेलं होतं, जिच्या सासूनं ते झाड तिला दाखवून दिलं होतं, जिनं त्या फुलांवर पोराची फी भरली, तिला हा माणूस हत्तीच्या पोटात बसून सांगत होता. आणि तिकीट काढून आलेल्या लोकांना तेच जंगल तो सिमेंटमध्ये विकत होता.

"ती फिरायला गेली नव्हती," मी म्हटलं.

"बरोबर आहे. पण आम्ही कुणाचं नाव टाकलेलं नाही. कुठलीही विशिष्ट व्यक्ती नाही ती. मग अपमान कुणाचा झाला?"

"वाघाचं नाव टाकलंय ना तुम्ही."

"तो आमचा ब्रँड आहे, मॅडम."

"मग बाईला भक्ष्य का लिहिलं?"

तो थोडा गोंधळला. पाटी त्यानं वाचली नसावी. "शास्त्रीय शब्द आहे तो," म्हणाला. मग म्हणाला की देखावा बाहेरच्या मोठ्या कलाकारांनी केलाय, आणि सर्वांत जास्त गर्दी तिथेच होते, लोकांना आवडतं.

"तिचं लुगडं मांडीपर्यंत वर का?" मी विचारलं. "हेपण शास्त्रीय?"

यावर तो टेबलाकडे बघायला लागला. मला वाटलं संपलं, आता हा आम्हाला बाहेर काढेल. तेव्हा माझा नवरा, जो इतका वेळ दाराशी उभा होता, पुढे आला आणि म्हणाला, "तक्रारवही द्या."

"अशी वही आम्ही ठेवत नाही, सर. ऑनलाईन अभिप्राय देता येतो."

"आमच्या कॉलनीतल्या रेशन दुकानातपण आहे," नवरा म्हणाला. "कागद द्या मग. आणि पोच द्या."

त्यानं खुर्ची ओढली आणि लिहायला बसला. माझ्या नवऱ्याचं अक्षर सुंदर आहे, मी त्याच्याशी लग्न ठरवताना पत्रिकेपेक्षा ते पाहिलं होतं. त्यानं कुठेही आवाज चढवला नाही. एक पान लिहिलं. बाई हटवावी असं नव्हतं त्यात. त्यात होतं की किंकाळी बंद करावी, बटण काढावं, पाटीवरचा शब्द काढावा, बाईचं अंग झाकावं, आणि तिथे लिहावं की या जिल्ह्यांत मोहफुलं वेचताना, तेंदूपानं तोडताना, गुरं राखताना माणसं गेलीत, ती आपली माणसं आहेत. खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या. आईचा अंगठा घ्यावा का असं त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, आईला सही येते. ती साक्षरतेच्या वर्गात शिकली होती, त्याच मावशीबरोबर. आईनं सही केली. तिला तेवढंच लिहिता येतं.

साहेबानं पोच म्हणून शिक्का मारला. हत्तीचा शिक्का होता.

शाल घ्यायला मी परत गुहेत गेले तर रक्षक बाईनं ती तशीच ठेवली होती, आणि बटणावर कागद चिकटवला होता, मशीन बंद आहे म्हणून. "मीच वायर काढली," ती मला म्हणाली. "उद्या जोडतीन. आजचा दिवस तं गेला." मी शाल उचलायला वाकले, तर मागून आई म्हणाली, "राहू दे."

"आई, थंडी आहे."

"राहू दे म्हटलं ना."

परतीच्या एस.टी.त नवऱ्यानं आपलं स्वेटर आईच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते घातलं, फॅक्टरीचं नाव छातीवर लिहिलेलं. मुलगी तिच्याजवळ बसली होती. मग म्हणाली, "आजी, मी तीनदा बटन दाबलं."

"दाबनारच," आई म्हणाली. "दाबाले ठेवलं तं लेकरं दाबनार. तुले का मालूम."

आणि थोड्या वेळानं स्वतःहून म्हणाली, "थे मावशी लय हसवे. बजारात गिराइकाले असी बोले का दोन रुपये जास्त देऊन जाये." मग भद्रावती येईपर्यंत तिनं नातीला मैत्रिणीच्या गोष्टी सांगितल्या. मी पुढच्या सीटवरून ऐकत होते. एकदाही वळले नाही, वळले असते तर ती थांबली असती.

महिन्याभरानं नवऱ्याच्या मोबाईलवर पार्कचा निरोप आला. आपल्या मौल्यवान सूचनेचा आदर करून सदर देखाव्यात आवश्यक बदल केला आहे, पुन्हा अवश्य भेट द्या. आम्हाला बरं वाटलं. मी मुलीला वाचून दाखवलं. नवऱ्यानं निरोप जपून ठेवला.

मग होळीच्या सुमारास आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एका शेजाऱ्यानं मुलाच्या वाढदिवसाचे फोटो टाकले. तीच गुहा, तोच वाघ. बाई नव्हती. टोपली नव्हती. वाघाच्या पंजांखाली निळी गादी होती आणि गादीवर वाढदिवसाचा मुलगा उताणा पडला होता, जीभ बाहेर काढून, मेल्यासारखा. पुढच्या फोटोत त्याची आई. पुढच्यात सगळे, एकावर एक. मागच्या पाटीवर आता लिहिलं होतं की इथे झोपा आणि फोटो काढा.

मी ते फोटो पुन्हा मागेपुढे करून पाहिले. राग कुणावर काढायचा कळेना. शेजाऱ्यावर? त्यांच्या घरातलं कोणी वाघानं नेलं नव्हतं. साहेबानं तर आमचं ऐकलं होतं. आम्ही एवढं लिहिलं, एक पान भरून, सुंदर अक्षरात, आणि त्यातून त्यांनी उचललं ते इतकंच की बाईमुळे कटकट होते. वाघ ठेवला. पंजे ठेवले. नाव ठेवलं. खाली जागा मोकळी झाली, तर तीही भाड्यानं दिली. जिथे निदान एक चुकीची, फाटकी, वाईट घडवलेली बाई होती, तिथे आता कोणीही नव्हतं, आणि जे घडलं ते घडलंच नव्हतं असं झालं. मला त्या फायबरच्या बाईची तेव्हा पहिल्यांदा कीव आली.

मी शेजाऱ्याला काही लिहिलं नाही. नवऱ्यानं दुसरं पत्र लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही.

आईला फोनवर सांगितलं. मला वाटलं तिला वाईट वाटेल, किंवा ती म्हणेल जाऊ दे. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मंग थे बाई कुठी ठेवली?"

"कोणती?"

"तेच. वाघाखालची. माही शाल होती तिच्यावर."

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. आई म्हणाली, विचारून सांग. म्हणून मी पार्कच्या ऑफिसला फोन लावला. दुसऱ्याच कोणीतरी उचलला. मी म्हटलं, तुमच्या वाघाच्या गुहेत एक बाई होती, ती आता कुठे आहे?

"कोणती बाई, मॅडम?" पलीकडचा म्हणाला. "आमच्याकडून कोणी हरवलेलं नाही."

मी समजावून सांगितलं. मोहफुलं, टोपली, हिरवं लुगडं. तो म्हणाला, बघून कळवतो. नंबर घेतला. आई दर आठवड्याच्या फोनवर विचारते, आणि मी दर आठवड्याला त्याला फोन लावते.